घंटेआधी खिडक्या

गुरुवारी, ७ ऑक्टोबर २०२१ रोजी घटस्थापना आहे. कॅथलिक पंचांगात त्याच तारखेला रोझरी मातेचा सण येतो. राज्य सरकारने कोविडमुळे बंद असलेल्या धर्मस्थळांची दारे उघडायला हा मुहूर्त निवडला तो नवरात्र डोळ्यांपुढे ठेवून. वसईपासून वांद्र्यापर्यंतच्या चर्चना तो आपसूक मिळाला. लेपांटोच्या ज्या आरमारी लढाईच्या स्मरणार्थ हा सण सुरू झाला तिला याच गुरुवारी साडेचारशे वर्षे पूर्ण होतात, पण त्याची आठवण यंदा फारशी कोणाला होणार नाही. आठवते आहे ते गेले दीड वर्ष.

मार्च २०२० मध्ये लोकांसाठीच्या मिस्सा आणि उपासना थांबल्या. त्या वर्षीचा झावळ्यांचा रविवार मोबाइलच्या पडद्यावर गेला, १२ एप्रिलचा ईस्टरही तसाच गेला. मग दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबर २०२० रोजी दारे उघडली आणि पाच महिनेही पुरती उघडी राहिली नाहीत. ४ एप्रिल २०२१ ला पुन्हा ईस्टर आला. लोक पुनरुत्थानाची मिस्सा आटोपून घरी पोचले आणि त्याच दिवशी मंत्रिमंडळाचा निर्णय जाहीर झाला: उद्यापासून सगळे पुन्हा बंद. त्यानंतर आलेले एप्रिल आणि मे ज्यांनी पाहिले त्यांना त्या निर्णयाचे कारण समजावून सांगावे लागत नाही. त्या दोन महिन्यांत देशभरात शंभराहून अधिक कॅथलिक धर्मगुरू कोविडने गेले. त्यांतले बरेच जण पन्नाशी-साठीच्या आतले होते.

मधल्या काळात भांडण चालले ते दारांवरून. हॉटेले आणि दारूची दुकाने उघडी, मग देवळेच बंद का, असा प्रश्न विचारला गेला. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्यपालांचे मुख्यमंत्र्यांना पत्र गेले, मुख्यमंत्र्यांचे उत्तर आले, दोन्ही वर्तमानपत्रांत छापून आली. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस देवळे उघडण्यासाठी शंखनाद आंदोलनही झाले. प्रश्न अगदीच गैर नव्हता. पण दारे कधी उघडायची यावर इतके बोलणे झाले की उघडल्यावर आत कसे बसायचे, किती वेळ बसायचे, गायचे की नाही, यावर बोलायला कोणाला सवडच उरली नाही. आम्हाला आज तेवढ्यावरच बोलायचे आहे.

नियमावली होती, नाही असे नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ४ जून २०२० रोजी धर्मस्थळांसाठी एक काढली, राज्यांच्या नियमावल्या बहुतेक तिच्याच वळणावर गेल्या. सहा फूट अंतर, मुखपट्टी, दारात ताप मोजणे, चपला शक्यतो आपल्याच गाडीत, बसायला स्वतःची सतरंजी, मूर्तीला आणि ग्रंथाला हात लावायचा नाही, तीर्थ शिंपडायचे नाही, प्रसाद वाटायचा नाही. गायनवृंद नको, ध्वनिमुद्रित भक्तिगीते लावा, असेही त्यात होते. पासष्टच्या वरच्यांनी, दहाच्या आतल्यांनी, गरोदर बायकांनी आणि जुना आजार असलेल्यांनी घरीच थांबावे असा सल्ला होता. खेळत्या हवेचा उल्लेखही होता, पण तो वातानुकूलनाचे तापमान २४ ते ३० अंश ठेवा म्हणणाऱ्या कलमाच्या पोटात.

आम्हाला खटकते ते हेच. नोव्हेंबर २०२० मध्ये बहुतेक चर्चनी मनापासून तयारी केली होती. बाकांवर फुल्या मारल्या, प्रवेशद्वारी पायाने दाबायची सॅनिटायझरची यंत्रे बसवली, दोन मिस्सांच्या मधल्या अर्ध्या तासात तरुण पोरांनी पाठीवर पंप घेऊन हायपोक्लोराइट फवारले. चर्चच्या फाटकाशी कपाळावर पिस्तूल रोखून ताप पाहणारे स्वयंसेवक रणरणत्या उन्हात उभे राहिले. आणि आत? आत खिडक्या बंद. कुठे कबुतरे शिरतात म्हणून, कुठे वातानुकूलन चालू म्हणून, कुठे रस्त्यावरच्या हॉर्नमुळे प्रवचन ऐकू येत नाही म्हणून. वर पंखे मात्र पूर्ण वेगात. पंखा हवा ढवळतो, बाहेर काढत नाही, हे आपल्याला स्वयंपाकघरात कळते. म्हणून तर तिथे आपण एग्झॉस्ट लावतो.

त्या वेळी सगळ्या जगाचाच भर हात धुण्यावर आणि वस्तू पुसण्यावर होता, म्हणून नियम करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आता मात्र चित्र बरेच स्पष्ट आहे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये सांगितले की दूषित पृष्ठभागाला हात लागून लागण होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकापेक्षाही कमी आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही याच वसंतात आपल्या माहितीपत्रात बदल करून, कोंदट आणि गर्दीच्या खोल्यांत विषाणू हवेत तरंगत राहतो आणि दूरवर जातो, हे मान्य केले. म्हणजे बाक पुसून काढणाऱ्या पोरांच्या श्रमांतले बरेचसे चुकीच्या जागी खर्च झाले. हात धुवावेत, ते कधीही चांगलेच. पण ज्या मंडळीकडे चारच स्वयंसेवक आहेत तिने ते चौघे फवारणीला लावायचे की खिडक्या, दारे आणि गर्दी सांभाळायला, याचा निवाडा आता अवघड राहिलेला नाही.

हवेतला विषाणू कसा फिरतो ते समजायला चर्चमध्येच एक सोपे साधन आहे. सणाच्या मिस्सेला धूपदान हलवले जाते तेव्हा वेदीपाशी निघालेला धूर पाहा. जवळच्यांना तो आधी आणि दाट लागतो, पण दहा-बारा मिनिटांत शेवटच्या बाकावरच्या माणसालाही वास येतो. दारे उघडी असतील तर धूर विरून जातो, बंद असतील तर मिस्सा संपल्यावरही छताखाली रेंगाळतो. माणसाच्या उच्छ्वासातले सूक्ष्म कण याच वाटेने जातात, फक्त त्यांना वास नसतो. सहा फुटांची फुली पहिल्या काही मिनिटांपुरती कामाची आहे, तासाभराच्या उपासनेत तिचा उपयोग झपाट्याने कमी होतो.

याचा दाखला पहिल्याच महिन्यात मिळाला होता. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट खोऱ्यातला एक गायकवृंद १० मार्च २०२० च्या संध्याकाळी माउंट व्हर्नन गावातल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या सभागृहात सरावाला जमला. ६१ जण होते. साथीची बातमी त्यांना होती, म्हणून दारात सॅनिटायझर ठेवला होता आणि हस्तांदोलन, मिठ्या सगळ्यांनी टाळल्या. अडीच तास गाऊन सगळे घरी गेले. पुढे त्यांतले ५३ जण आजारी पडले, ३३ जणांचे निदान चाचणीने झाले, २० जणांचे लक्षणांवरून. दोघे दगावले. ज्यांनी कोणाला हात लावला नव्हता त्यांना हा आजार गाण्यातून मिळाला. त्याच वर्षी जुलैत ऑस्ट्रेलियात सिडनीच्या एका चर्चमध्ये एका गायकापासून बारा उपासकांना लागण झाली. त्यांतले काही त्याच्यापासून पंधरा मीटरवर बसलेले होते. मुखपट्ट्या नव्हत्या आणि हवा खेळती नव्हती. फ्रान्समधील म्युलूझ आणि दक्षिण कोरियातील देगू या शहरांची नावे तर साथीच्या सुरुवातीलाच तिथल्या उपासक मंडळींमुळे जगभर गेली. आपल्याकडेही एप्रिल २०२१ मध्ये केरळात मुन्नारला चर्च ऑफ साउथ इंडियाच्या पाळकांचे मोठे शिबिर भरले, नंतर अनेक पाळक आजारी पडले आणि काही जण गेले.

चर्चांचीच उदाहरणे देतो म्हणून कोणी आमच्यावर रागावू नये. बंद जागा, दीड तासाचा मुक्काम, एकमेकांना खेटून बाके आणि खुला आवाज या चारही गोष्टी एकाच छपराखाली जिथे जमतात तिथे या विषाणूला फावते. चर्चमध्ये त्या जमतात. भजनाच्या फडात, कव्वालीच्या मैफलीत आणि निवडणुकीच्या सभागृहातही जमतात.

आता गाण्याकडे येऊ, कारण मराठी ख्रिस्ती माणसाचे खरे दुखणे तिथे आहे. कॅथलिक मिस्सेत वेदीवरचा विधी मध्यभागी असतो, गाणे थोडे कमी करूनही ती पुरी होते. अहमदनगर, नाशिक, सोलापूर या पट्ट्यातल्या प्रोटेस्टंट मंडळींचे तसे नाही. अमेरिकन मिशनऱ्यांनी १८१३ मध्ये मुंबईत पाय ठेवल्यापासून त्यांनी सोबत आणलेल्या विलायती चाली इथे फार काळ रुजल्या नाहीत. रुजले ते कृष्ण रत्नाजी सांगळे यांचे ख्रिस्ती कीर्तन आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात टिळकांचा वाटा केवढा आहे ते तो हाताळणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. पेटी, तबला, टाळ, आणि पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत एकच सूर. अशा मंडळीला गाऊ नका म्हणणे म्हणजे येऊच नका म्हणण्यासारखे आहे, आणि ध्वनिमुद्रित गीत लावा हा सरकारी तोडगा तर कोणाच्याच पचनी पडलेला नाही. २०२०-२१ च्या हिवाळ्यात अनेक ठिकाणी तो पहिल्या दोन रविवारी पाळला गेला, तिसऱ्या रविवारी मुखपट्ट्या हनुवटीवर आल्या आणि पाचही कडवी म्हटली गेली.

बंदी टिकत नाही, मग जागा बदलावी. आमचे या अंकातले सांगणे एवढेच आहे: गाणे अंगणात न्या. वचनपठण, प्रवचन, प्रार्थना आत होऊ द्या, मुखपट्टी लावून, खिडक्या उघड्या ठेवून, पाऊण तासात. आणि मग सगळ्या मंडळीने बाहेर येऊन आवारात, झाडाखाली, टाळ घेऊन मोकळ्या गळ्याने पंधरा मिनिटे गावे. मोकळ्या हवेत धोका शून्य होत नाही, पण आतल्याच्या मानाने इतका उतरतो की तो पत्करण्यात शहाणपण आहे. पाऊस परतीला लागला आहे. ऑक्टोबरचे ऊन दुपारी भाजते, सकाळी साडेसातला नाही. ज्या चर्चला आवार आहे तिने तर अख्खी उपासनाच बाहेर घ्यायला काय हरकत आहे? लग्नाला मांडव घालणाऱ्या गावाला रविवारी कनात बांधणे जड जाऊ नये.

हे नवे काही नाही. मुंबई परिसरातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाच्या गावठाणांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा हा सुगीचा सण होतो, तेव्हा नव्या भाताच्या लोंब्या शेतातून वाजतगाजत चर्चकडे आणल्या जातात. वसईच्या वाड्यांत आणि मुंबईच्या जुन्या पाखाड्यांत रस्त्याकडेला क्रूस आहेत, त्यांच्यापुढे उघड्यावर बसून रोझरी म्हणण्याची रीत आजही जिवंत आहे. वांद्र्यातल्या क्रुसांपैकी कित्येक १८९६ साली मुंबईत शिरलेल्या प्लेगच्या दिवसांतले आहेत. त्या काळात लोक दाट वस्त्यांतली घरे सोडून मोकळ्या माळावर झोपड्या बांधून राहत होते. हे क्रूस उभारणाऱ्यांनी देवाचा धावा केला आणि उंदीर पडलेले घरही सोडले. दोहोंत त्यांना विरोध दिसला नाही.

आणखी मागे जायचे तर १५७६ चे मिलान आहे. प्लेगने शहर घरात कोंडले तेव्हा तिथले आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी चौकाचौकांत वेद्या उभारून घेतल्या आणि लोकांनी आपापल्या खिडक्यांतून मिस्सा पाहिली. पुढे त्यांना संतपद मिळाले. त्यांच्यावर अल्पविश्वासाचा आरोप कोणी ठेवल्याचे ऐकिवात नाही. आपल्याकडे मात्र ‘देवाच्या घरात काय होणार आहे’ असे म्हणत मुखपट्टी खिशात घालणारा एखादा गृहस्थ प्रत्येक मंडळीत असतो, आणि बहुधा तो पंचांपैकीच एक असतो, म्हणून त्याला कोणी बोलत नाही.

इमारतींचेही थोडे पाहायला हवे. वसईतली जुनी चर्च पाहिली तर त्यांच्या भिंती जाड आहेत, छत उंच आहे, तिन्ही बाजूंना पुरुषभर उंचीची दारे आहेत. पंखे नसलेल्या काळात शेकडो माणसे घामाघूम न होता बसावीत म्हणून ती तशी बांधली. तिथे काम सोपे आहे: दारे मिस्सेच्या अर्धा तास आधी उघडायची आणि दोन मिस्सांच्या मधे उघडीच ठेवायची. अवघड आहे ते गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बांधलेल्या खोट्या छताच्या, काचबंद, वातानुकूलित चर्चचे. आणि सर्वांत अवघड आहे ते ज्यांना चर्चची इमारतच नाही त्यांचे. मुंबई, पुणे, पिंपरीच्या उपनगरांत कितीतरी लहान स्वतंत्र मंडळ्या शाळेच्या वर्गात, लग्नाच्या हॉलच्या तळघरात, दुकानाच्या गाळ्यावर पहिल्या मजल्यावर भाड्याने जमतात. त्यांच्याकडे आवार नाही, खिडकी एकच, तीही शेजारच्या तक्रारीमुळे बंद, आणि उपासना सर्वांत लांब व सर्वांत मोठ्या आवाजाची. मोठ्या चर्चनी आपली मैदाने आणि शाळांची पटांगणे रविवारी दुपारनंतर अशा मंडळ्यांना द्यावीत. सिद्धान्ताचे मतभेद उघड्यावर बसल्याने वाढत नाहीत.

ज्यांना उपाय यंत्राने करायचा आहे त्यांच्यासाठी एक स्वस्त यंत्र आहे, हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारे. बाहेरच्या हवेत तो दशलक्षात सुमारे ४०० भाग असतो. माणसे बसलेल्या खोलीत आकडा ८०० च्या वर चढू लागला की आपण एकमेकांचा श्वास परत घेतो आहोत असे समजावे आणि दार उघडावे. ताप मोजण्याच्या पिस्तुलापेक्षा याचा उपयोग अधिक, कारण या आजारात लक्षणे दिसण्याआधीच माणूस इतरांना लागण देऊ लागतो आणि अनेकांना ताप येतच नाही. खिडकीत बाहेर तोंड करून ठेवलेला एक साधा उभा पंखाही बरीच हवा बाहेर फेकतो.

विधींबाबत लोकांच्या मनात जास्त घालमेल आहे, खरे तर तिथे वाद कमी आहे. ख्रिस्तप्रसाद जिभेवर न घेता हातावर घ्यायचा, देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने तेव्हा बोलायचे नाही, रांग बाजूच्या वाटेने परतवायची, मुखपट्टी क्षणभरच खाली. दारातली पवित्र जलाची कुंडी कोरडी ठेवायची. प्रभुभोजनाचा एकच पेला सगळ्यांच्या ओठी फिरवण्याची रीत ज्या मंडळ्यांत आहे त्यांनी ती थांबवावी. छोट्या वेगवेगळ्या पेल्यांची पद्धत अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जंतूंच्या भीतीपोटीच सुरू झाली आणि आपल्याकडच्या अनेक मंडळ्यांत ती कधीच अंगवळणी पडली आहे. शांतीचे चिन्ह देताना हात मिळवण्याचा तर प्रश्नच येऊ नये: भारतीय बिशपांनी सुचवलेल्या आणि रोमने १९६९ मध्ये मान्य केलेल्या, उपासनेच्या भारतीयीकरणाच्या बारा मुद्द्यांत हात जोडून नमस्कार करण्याची मुभा आहे. अर्पणाची थैली फिरली काय आणि यूपीआयचा चौकोन चिकटवला काय, साथीच्या दृष्टीने फरक नगण्य. खजिनदाराच्या दृष्टीने असेल.

सगळ्यांत दुर्लक्षित जागा म्हणजे उपासनेनंतरचा चहा. तासभर मुखपट्टी लावून अंतरावर बसलेली माणसे चर्चच्या मागच्या छोट्या खोलीत कप-बशी घेऊन दाटीवाटीने उभी राहतात, मुखपट्टी उतरवतात आणि दीड वर्षाच्या गप्पा मारतात. तो चहा आवारात न्यावा, नाहीतर काही महिने सोडावा. पापनिवेदनाच्या लाकडी कपाटाचेही तेच. दोन माणसे, एक जाळी, हवा शून्य. धर्मगुरूने बागेतल्या दोन खुर्च्यांवर बसून पापनिवेदन ऐकले तरी संस्कार पुरा होतो.

ऑक्टोबर हा रोझरीचा महिना, म्हणून आणखी एक गोष्ट. चर्चवर सगळ्यांचे लक्ष असते, घरांवर नसते. संध्याकाळी आळीआळीने, आज या घरी उद्या त्या घरी, मातेची मूर्ती फिरते आणि दहा बाय बाराच्या खोलीत पंचवीस माणसे तासभर मोठ्याने जप करतात, शेवटी चणे-बिस्किटे खातात. प्रेमाने केलेली ही व्यवस्था चर्चच्या मिस्सेपेक्षा जोखमीची आहे, आणि तिला धर्मस्थळांची नियमावली लागू होत नाही. मूर्ती ओट्यावर किंवा आळीतल्या क्रुसापाशी ठेवली तर सगळ्यांना बसता येईल आणि घरच्या म्हातारीलाही खिडकीतून जप म्हणता येईल.

म्हातारीचा उल्लेख सहज केला नाही. रोजच्या सकाळच्या मिस्सेला येणाऱ्यांत बहुसंख्य पासष्टच्या वरचे असतात हे चर्चच्या पायरीवर पाच मिनिटे उभे राहिले तरी दिसते. नियमावलीने घरी राहायला सांगितले ते नेमके त्यांनाच. दीड वर्ष त्यांनी नातवाच्या मोबाइलवर मिस्सा पाहिली, जिथे नेटवर्क तुटले तिथे तुटले. आता दारे उघडणार म्हणून प्रक्षेपण बंद करण्याची घाई काही ठिकाणी दिसते आहे. कॅमेरा चालवणारा मुलगा कंटाळला आहे, हे खरे कारण. प्रक्षेपण चालू ठेवावे. ख्रिस्तप्रसाद घरी नेऊन देणारे सेवक वाढवावेत आणि त्यांचे लसीचे दोन्ही डोस झालेले असावेत. ज्यांना यायचेच आहे अशा वृद्धांसाठी आठवड्यातून एक मिस्सा वेगळी ठेवावी, पहाटेची, कमी माणसांची, सगळ्या खिडक्या उघड्या असलेली. व्हॅटिकनच्या उपासनाविषयक विभागाचे तेव्हाचे प्रमुख कार्डिनल सारा यांनी ऑगस्ट २०२० मध्ये बिशपांना लिहिलेल्या पत्रात लोकांना पुन्हा चर्चमध्ये आणण्याचा आग्रह धरला होता, आणि तो बरोबरच आहे. पडद्यावरची मिस्सा ही मिस्सेची जागा घेऊ शकत नाही. पण अंथरुणाला खिळलेल्यासमोर हे वाक्य उच्चारण्याआधी त्याच्या घरी कोण जाऊन आले, हे विचारायला हवे.

लसीच्या प्रमाणपत्राबद्दल मतभेद होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईची लोकल दोन डोसवाल्यांनाच मिळत होती, मग चर्चमध्येही तसेच करा, असे काही जण म्हणत. आम्हाला ते पटले नाही. देशात तोवर नव्वद कोटींहून अधिक डोस दिले गेले हे मोठे काम होते, पण अठराच्या आतल्या एकालाही तेव्हा लस खुली झालेली नव्हती आणि कोविशील्डच्या दोन डोसांत त्या वेळी बारा ते सोळा आठवड्यांचे अंतर असल्याने लाखो लोक अर्ध्या वाटेवर होते. दारात प्रमाणपत्र मागून माणसाला परत पाठवणे चर्चला शोभणार नाही. मात्र जे वेदीवर उभे राहतात, ख्रिस्तप्रसाद देतात, गायनवृंदात गातात, मुलांना धर्मशिक्षण देतात, त्यांच्याकडून दोन डोसांची अपेक्षा ठेवणे ही सक्ती नव्हे, ती त्या कामाची अट आहे. ४ ऑक्टोबर २०२१ ला शाळा उघडल्या, मुलांचे वर्ग पुन्हा भरले. रविवारच्या धर्मशिक्षणाचे वर्ग त्यामागोमाग चर्चच्या मागच्या अरुंद खोल्यांत भरवू नयेत, ते मैदानातच घ्यावेत.

आणि खोकला असेल त्याने घरी राहावे, या नियमाला कोणाचाही अपवाद नको, पाळकाचा तर मुळीच नको. आपल्याकडे अंगात ताप असताना वेदीवर उभे राहणाऱ्या धर्मगुरूचे कौतुक होते. ते थांबायला हवे. शेजारच्या धर्मग्रामातला धर्मगुरू ऐनवेळी बोलावता येईल अशी व्यवस्था आधीच ठरलेली असावी, म्हणजे आजारी माणसाला सुट्टी घेताना अपराधी वाटणार नाही. तसेच मंडळीतल्या कोणाला लागण झाली तर ती लपवली जाऊ नये. पहिल्या लाटेत लोकांनी लपवली, कारण शेजारी दार लावून घेत होते. नाव जाहीर न करता ‘गेल्या रविवारी आठच्या उपासनेला आलेल्यांनी तपासणी करून घ्यावी’ एवढा निरोप व्हॉट्सॲपवर पाठवणे कोणत्याही सचिवाला जमण्यासारखे आहे.

२ नोव्हेंबरला मृतांचा स्मरणदिन आहे. २०२१ मध्ये तो धनत्रयोदशीला येतो. या वर्षी कबरी अधिक आहेत, आणि ज्यांच्या दफनाला चार माणसेही जाऊ शकली नाहीत त्यांचे नातेवाईक पहिल्यांदाच फुले घेऊन येतील. दफनभूमी उघड्यावर असते, त्यामुळे तिथे लोकांना अडवण्याचे काहीच कारण नाही. वेळा पहाटेपासून रात्रीपर्यंत वाटून द्याव्यात, फाटक एकच असेल तर जाण्याचा आणि येण्याचा रस्ता दोरीने वेगळा करावा, आशीर्वाद देणारे धर्मगुरू एकाच्या ऐवजी तीन ठिकाणी उभे राहावेत. घाई करू देऊ नये आणि घाई करायलाही लावू नये. या लोकांचे रडणे दीड वर्ष थांबलेले आहे.

त्यानंतर येतो नाताळ. २५ डिसेंबर २०२१ ला शनिवार आहे, म्हणजे शुक्रवारची मध्यरात्र, शनिवारची सकाळ आणि लगेच रविवार असे तीन गर्दीचे प्रसंग लागोपाठ येणार. वर्षातून एकदाच येणारी माणसेही त्या तिन्हींत मिळून येतील. थंडीमुळे खिडक्या बंद करण्याचा मोह तेव्हाच सर्वाधिक असेल, आणि कॅरोल म्हणण्याचाही. नाताळची मिस्सा मैदानात घ्यायची तर मांडव, खुर्च्या, ध्वनिक्षेपकाची परवानगी आणि पोलीस ठाण्याचे पत्र हे सगळे नोव्हेंबरमध्येच करावे लागते. मांडववाले दिवाळीनंतर लग्नसराईत अडकतात. धर्मग्राम परिषदा आणि पंचमंडळ्या या महिन्याच्या बैठकीला बसतील तेव्हा विषयपत्रिकेवर सॅनिटायझरच्या खर्चाच्या वर हा विषय असावा, आणि त्या बैठकीच्या खोलीची खिडकीही उघडी असावी.